सहीचे राजेशाही फोटो: घेण्याआधी काय तपासावं, घेतल्यावर कसे जपावेत

राजाच्या नुसत्या सहीचा कागद आणि राजाने सही करून भेट दिलेला फोटो या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ब्रिटनचं राजघराणं मागेल त्याला सही देत नाही. सहीचा फोटो मिळतो तो यजमान राष्ट्रप्रमुखाला, राजदूताला, संस्थानिकाला, फार तर दौऱ्यात दिमतीला असलेल्या एडीसीला (लष्करी मदतनिसाला) किंवा पोलीस अधिकाऱ्याला. बहुतेक वेळा तो चांदीच्या किंवा चामड्याच्या चौकटीत असतो, आणि चौकटीवर मुकुट व आद्याक्षरं. म्हणजे खऱ्या वस्तूमागे घेणारा माणूस असतो, प्रसंग असतो आणि तारीख असते. कागद, माउंट (फोटो ज्यावर चिकटवतात तो पुठ्ठा), सही, चौकट आणि सोबतचं पत्र या पाच गोष्टींच्या तारखा एकमेकींना धरून आहेत का, हे पाहणं म्हणजेच या छंदातलं निम्मं काम. एक जरी तारीख फटकून असली तरी भाव करण्याआधी त्याचं कारण शोधायचं.

जर्मनीचा कैसर, रशियाचा झार, जपानचा सम्राट, इराणचा शहा हे सगळेच असे फोटो देत. पण आपल्याकडच्या वाड्यांतून आणि जुन्या बाजारांतून निघतात ते मुख्यतः ब्रिटिश, म्हणून इथे त्यांच्याबद्दलच लिहिलं आहे.

प्रसंग खरा आहे का

विकणारा सांगतो ती गोष्ट आधी कालगणनेवर घासून पाहा. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानात कधीच आली नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारात तिच्या नावाने फक्त द्वाही फिरली. १९०३ च्या दरबाराला सातवा एडवर्डही आला नव्हता, त्याचा भाऊ ड्यूक ऑफ कॅनॉट आला होता. राजा जातीने हजर होता तो १२ डिसेंबर १९११ च्या दरबाराला, पाचवा जॉर्ज. तेव्हा ‘१९०३ च्या दरबारात राजाने स्वहस्ते दिलेला’ असं कुणी म्हणालं तर ती गोष्ट तिथेच संपते. फोटो मात्र खरा असू शकतो, कारण असे फोटो लंडनहून पाठवलेही जात आणि तिथे भेटीत दिलेही जात. १९०२ च्या राज्याभिषेकासाठी कोल्हापूरचे शाहू महाराज लंडनला गेले होते. इतरही संस्थानिक गेले होते.

युवराजांचे दौरे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: १८७५-७६, १९०५-०६ आणि १९२१-२२. तिन्ही वेळा युवराज मुंबईत उतरले. एलिझाबेथ राणी भारतात आली १९६१, १९८३ आणि १९९७ मध्ये.

पुण्या-मुंबईकडे शोधणाऱ्यांनी ‘आर्थर’ ही सही ओळखायला शिकावं. हाच तो ड्यूक ऑफ कॅनॉट. १८८६ ते १८९० या काळात तो मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. राजा नसल्यामुळे विकणाऱ्याला बऱ्याचदा हा कोण ते कळत नाही, आणि ‘कुणीतरी साहेब’ म्हणून फोटो ढिगात पडून राहतो.

कोण, कधी, कशी सही करायचं

‘आर.’ म्हणजे रेक्स किंवा रेजिना, राजा किंवा राणी, ‘आय.’ म्हणजे सम्राट किंवा सम्राज्ञी, ‘पी.’ म्हणजे प्रिन्स. या एकेका अक्षरावर तारीख ठरते.

व्हिक्टोरियाने सम्राज्ञीपद १८७६ च्या कायद्याने घेतलं, त्यामुळे ‘व्हिक्टोरिया आर.आय.’ त्यानंतरचीच. तिचा मुलगा, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, युवराज असताना ‘अल्बर्ट एडवर्ड’ अशी सही करायचा. १८७५ च्या मुंबई भेटीचा म्हणून दाखवलेल्या फोटोवर ‘एडवर्ड आर.’ असेल तर ती सही जानेवारी १९०१ नंतरची, म्हणजे भेटीची नव्हेच. पाचवा जॉर्ज मे १९१० पासून ‘जॉर्ज आर.आय.’, त्याची राणी ‘मेरी आर.’, ती राणी होण्याआधी ‘व्हिक्टोरिया मेरी’ लिहायची.

आठवा एडवर्ड युवराज म्हणून ‘एडवर्ड पी.’ लिहायचा. १९२१-२२ च्या दौऱ्यातल्या फोटोंवर हीच सही हवी. राजा म्हणून तो २० जानेवारी ते ११ डिसेंबर १९३६ एवढाच काळ होता, म्हणून ‘एडवर्ड आर.आय.’ दुर्मीळ आणि महाग. ‘पी.’ खरवडून ‘आर.आय.’ करण्याचा मोह का होतो ते यावरून कळेल. त्या जागचे कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसतात का ते पाहा. सहावा जॉर्ज गादीवर येण्याआधी ‘अल्बर्ट’ होता, जॉर्ज नव्हे. त्याच्या सहीतला ‘आय.’ भारत स्वतंत्र झाल्यावर गळला. सम्राटपद कागदोपत्री सुटलं २२ जून १९४८ ला.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते ‘एलिझाबेथ आर.’ या सहीला. ही सही दोघींची आहे. सहाव्या जॉर्जची राणी, म्हणजे पुढची राजमाता, डिसेंबर १९३६ पासून २००२ पर्यंत अशीच सही करायची. तिची मुलगी दुसरी एलिझाबेथ ६ फेब्रुवारी १९५२ पासून. फोटोत कोण आहे ते पाहिलं की प्रश्न सुटतो, पण फोटोपासून सुटा झालेला माउंटचा तुकडा विकायला आला तर अक्षर जुळवल्याशिवाय हात लावू नका. मुलीच्या फोटोंसोबत बरेचदा नुसतं ‘फिलिप’ लिहिलेला, तिच्या नवऱ्याचा जोडीचा फोटो असतो. जोडी फोडून एकच विकत असतील तर दुसरा कुठे गेला ते विचारा.

सहीखाली बहुधा साल लिहिलेलं असतं. इथे एक नियम कधीच चुकत नाही: फोटो सहीपेक्षा जुना असू शकतो, नवा असू शकत नाही. राजवाड्यात एकाच बैठकीच्या प्रतींचा साठा असतो आणि तो पुढची काही वर्षं वापरला जातो, त्यामुळे १९५८ ची सही आणि त्याआधीचं चित्र यात काही वावगं नाही.

सही भिंगाखाली

दहापट भिंग आणि एक बारीक टॉर्च पुरते. टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवी धरा.

शाईच्या खऱ्या सहीत रेघेची जाडी बदलते. वळणावर शाई साचते, उचलताना रेघ निमुळती होते. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे रंग गडद होतो आणि कुठली आधी, कुठली नंतर ते कळतं. माउंटच्या पुठ्ठ्यावर शाई तंतूंच्या दिशेने किंचित फुटते. फोटोच्या गुळगुळीत जिलेटिनवर, म्हणजे कागदावरच्या चकचकीत थरावर, सही असेल तर टाक अडखळतो, शाई मधेच तुटते, थेंब थेंब होऊन सुकते. आणि फोटो तिरपा केला की शाईची चमक कागदाच्या चमकेपेक्षा वेगळी दिसते. चमक अगदी एकसारखी असेल तर ती सही फोटोतच आहे. निगेटिव्हवर केलेल्या सहीची प्रत निघते तेव्हा असंच होतं.

ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई. छापील सहीच्या वस्तू मुबलक आहेत आणि त्या मुद्दाम खोट्या केलेल्या नव्हत्या. १९१४ च्या नाताळात सैनिकांना राजाराणीच्या फोटोचं जे कार्ड गेलं त्यावरचा हस्ताक्षरातला मजकूर आणि सह्या छापलेल्या होत्या. ८ जून १९४६ चा विद्यार्थ्यांना दिलेला विजयसंदेशही तसाच. आजोबांच्या ट्रंकेत असं कार्ड सापडलं तर घरची आठवण म्हणून जपावं; राजाची सही म्हणून विकू नये.

यंत्राने केलेली सही ओळखायची खूण म्हणजे दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा, रेघेच्या दोन्ही टोकांना टिंब आणि लांब रेघेत सूक्ष्म थरथर. नक्की करायचं तर त्याच सहीची दुसरी प्रत शोधून एकावर एक ठेवा. माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत बसत नाहीत. बसल्या तर यंत्र किंवा शिक्का.

बॉलपेन दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला बाजारात आलं, फेल्ट पेन १९६० च्या दशकात रुळलं. १९३६ ची म्हणून दाखवलेली सही बॉलपेनची निघाली तर पुढे बघायचं कारण नाही.

कागद काय सांगतो

साधारण १८९५ पर्यंतचे बहुतेक फोटो अल्ब्युमिनचे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यावर केलेले. कागद पातळ, म्हणून कायम पुठ्ठ्यावर चिकटवलेला. उजळ भाग पिवळसर, छटा तपकिरी, आणि भिंगाखाली बारीक भेगांचं जाळं. छोटं कार्ड, माउंटसकट साधारण ६४ × १०० मिलिमीटर, १८६० च्या दशकात जोरात होतं. कॅबिनेट कार्ड, १०८ × १६५ मिलिमीटर, १८६६ नंतरचं. १८८० च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंत राजघराण्याला प्लॅटिनम प्रिंट आवडत. त्यांत चमक अजिबात नसते, करडे रंग मऊ असतात, आणि समोरच्या कागदावर वर्षानुवर्षांत फिकट उलटी आकृती उमटते. ही आकृती जुन्या माउंटच्या झाकणावर सापडली तर फोटो आणि झाकण पूर्वीपासून एकत्र आहेत याचा तो पुरावाच. विसाव्या शतकातला बहुतेक माल जिलेटिन सिल्व्हर, म्हणजे जिलेटिनच्या थरात चांदीच्या कणांनी उमटलेला. त्याच्या गडद कडांवर निळसर चंदेरी झाक येते. ती झाक म्हणजे खराबी असली तरी वयाची खूणही आहे. पुसायला जाऊ नका.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्यायची तर ३६५ नॅनोमीटरची घ्या. ३९५ ची स्वस्त टॉर्च स्वतःच इतका जांभळा उजेड टाकते की काही कळत नाही. अंधाऱ्या खोलीत फोटोची मागची बाजू आणि शेजारी आजचा झेरॉक्सचा कोरा कागद ठेवा. झेरॉक्सचा कागद निळा-पांढरा पेटेल. फोटोचा कागदही तसाच पेटला तर त्यात उजळवणारं रसायन आहे, आणि ते फोटोच्या कागदांत आलं १९५० च्या आसपास. १९११ च्या दरबाराचा फोटो असा चमकला तर ती नंतर काढलेली प्रत आहे.

फोटोग्राफरचा पत्ताही तारीख सांगतो. लंडनचा बसानो स्टुडिओ १९२१ मध्ये ओल्ड बाँड स्ट्रीटवरून डोव्हर स्ट्रीटला गेला. माउंटवर डोव्हर स्ट्रीट आणि सहीखाली १९१२ असेल तर काहीतरी गडबड आहे. डाउनी, लाफायेत, व्हॅनडाइक, डोरोथी वाइल्डिंग, मार्कस अ‍ॅडम्स, सेसिल बीटन ही नावं वारंवार भेटतील. आपल्याकडे बोर्न अँड शेफर्ड आणि राजा दीनदयाळ.

चौकट

आधी मुकुट पाहा. १९०१ ते १९५२ या काळातल्या राजांच्या चिन्हात मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर जातात. एलिझाबेथच्या चिन्हात त्या मध्यभागी खाली दबलेल्या असतात. तिसऱ्या चार्ल्सने २०२२ मध्ये पुन्हा घुमटाचा मुकुट घेतला. म्हणून दबलेल्या मुकुटाच्या चौकटीत सहाव्या जॉर्जचा फोटो म्हणजे चौकट बदलली आहे.

चांदी इंग्लिश असेल तर कडेवर चार-पाच बारीक ठसे असतात: चालता सिंह म्हणजे ९२५ शुद्धतेची चांदी, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, एक अक्षर सालाचं आणि कारागिराची आद्याक्षरं. सालाचं अक्षर दर वर्षी बदलतं. तक्ते इंटरनेटवर सहज मिळतात. ठशाचं साल सहीच्या आधीचं किंवा त्याच वर्षाचं हवं. चामड्याच्या चौकटीवर सोनेरी आद्याक्षरं दाबून उमटवलेली असतात. बोटाला खोलगटपणा लागतो. नुसती वरून रंगवली असतील तर नक्कल. रशियन झारच्या नावाच्या मीनाकाम केलेल्या चौकटी, त्यातही झारचा जवाहिऱ्या फाबर्जे याचा ठसा असलेल्या, यांच्यात नकली माल इतका आहे की नवख्याने त्या वाटेला न गेलेलं बरं.

आपल्याकडे खूपदा मूळ चौकट चांदीसाठी वितळवलेली असते आणि फोटो सागवानी फ्रेममध्ये मिळतो. त्यात फसवणूक नाही, पण किंमत निम्म्याहून खाली यायला हरकत नाही.

फ्रेम उघडणं

काचेआडून पाहून मोठी खरेदी करू नका. विकणाऱ्याच्या परवानगीने, त्याच्यासमोर उघडा.

१. टेबलावर स्वच्छ सुती कापड घाला, फ्रेम पालथी ठेवा, मागची बाजू मोबाइलने टिपून ठेवा.
२. उजेडात काच तिरपी करून पाहा. फोटोचा काही भाग काचेला चिकटून ओला-चकचकीत दिसत असेल तर इथेच थांबा. ओढला तर प्रतिमा काचेवर राहील आणि कागद हातात येईल. हे काम संवर्धकाचं, म्हणजे जुने फोटो-कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं.
३. खिळे नाजूक पकडीने सरळ वर काढा, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. मखमली पाठ असेल तर तिचे पत्र्याचे कान एकदाच वाकवा. दोन-तीनदा वाकवले की तुटतात.
४. मागे भरलेले वर्तमानपत्र, दुकानाची लेबलं, पुठ्ठ्यावरची पेन्सिल यांतलं काहीही टाकू नका. त्या वर्तमानपत्राची तारीख म्हणजे फ्रेम शेवटची कधी बंद केली त्याची तारीख.
५. माउंट पूर्ण आहे का ते मोजा. चारही बाजूंचं अंतर आणि कापलेली कड पाहा.

या शेवटच्या पायरीवर आपल्याकडचे अर्धे फोटो नापास होतात. सही बहुधा चित्राखाली माउंटवर असते, आणि फ्रेमवाल्याने हाताशी असलेल्या मापात बसवायला माउंट कापलेला असतो. कधी सहीचं शेपूट जातं, कधी साल जातं. दुसरा प्रकार हार्डबोर्डवर फेव्हिकॉलने डकवण्याचा. तिसरा आणि असाध्य म्हणजे लॅमिनेशन: उष्णतेने प्लॅस्टिक जिलेटिनमध्ये शिरतं, ते पुन्हा निघत नाही. लॅमिनेट केलेला फोटो कितीही खरा असला तरी संग्रहासाठी घेऊ नका.

पत्र, नाव आणि मालकी

सगळ्यात मोलाचा जोड म्हणजे राजाच्या खाजगी सचिवाचं किंवा एडीसीचं पत्र: ‘महाराजांच्या आज्ञेवरून सोबतचा फोटो पाठवत आहे.’ पत्राचा कागद, तारीख आणि ज्याला लिहिलंय त्याचं नाव जुळलं की सहीबद्दलची अर्धी शंका मिटते. पत्र नसेल तर घेणाऱ्याचं नाव दौऱ्याच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत किंवा लंडन गॅझेटमध्ये (ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात) शोधा. दौऱ्यात राबलेल्यांना १८९६ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डरची पदकं मिळत आणि त्यांची नावं गॅझेटात येत. ‘एका राजघराण्यातून आलेला’ एवढ्यावर भागवू नका. कुठलं घराणं, कुणी विकला, कधी, हे लिहून घ्या आणि खाली सही घ्या.

स्वातंत्र्यानंतरच्या भेटींना आणखी एक प्रश्न लागू होतो. भारतीय मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला परदेशातून मिळालेली भेट परराष्ट्र मंत्रालयाच्या तोशाखान्यात (भेटवस्तूंच्या सरकारी कोठारात) दाखवावी लागते. ५,००० रुपयांपर्यंतची वस्तू ठेवून घेता येते, त्यापुढची ठेवायची तर फरक भरून. अशा घरातून आलेल्या फोटोबरोबर तोशाखान्याचा कागद मागा. नसेल तर मालकीचा वाद तुमच्या गळ्यात पडू शकतो.

कायद्याचं थोडं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि ऐतिहासिक महत्त्वाचा दस्तऐवज असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुना, खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९११ चा सहीचा फोटो लंडनच्या लिलावात पाठवायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा. चौकटीत हस्तिदंत किंवा कासवाची पाठ असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. हस्तिदंताचा तर देशातल्या देशातही व्यापार करता येत नाही. परदेशी लिलावातून घेताना बोलीवर लिलावगृहाचं कमिशन, बऱ्याचदा पाव हिस्सा किंवा जास्त, मग वाहतूक आणि आपल्याकडचं सीमाशुल्क. हे सगळं धरून वरची मर्यादा आधीच कागदावर लिहा.

पावसाळ्यातून निभावणं

फोटोंना ३० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत, कोकणात जुलैत ती ८० च्या वर असते, आणि बुरशी ६५-७० पासूनच धरते. कॅमेऱ्यांसाठी मिळणारं ड्राय कॅबिनेट ४० ते ४५ वर लावलं की काम होतं. ते परवडत नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून थंड करून परत ठेवा. आर्द्रता ३० च्या खाली मात्र जाऊ देऊ नका, अल्ब्युमिन वळतं आणि तडकतं. वळलेला फोटो दाबून सपाट करायचा नाही.

फोटो पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात, मागे आम्लविरहित पुठ्ठा. पीव्हीसीचे अल्बम, डांबराच्या गोळ्या, लाकडाच्या नव्या कपाटाचा बंद कप्पा, हे तिन्ही टाळा. नाव लिहायचं ते पाकिटावर, फोटो आत घालण्याआधी. चांदीची चौकट चमकवायची असेल तर फोटो काढून घेऊनच. पॉलिशचा लगदा कडेतून झिरपतो आणि माउंटवर न जाणारा डाग पडतो.

भिंतीवर लावायचा मोह असतोच. मग मूळ फोटो ६०० डीपीआयवर एकदा स्कॅन करा, त्याची चांगली प्रत मूळ चौकटीत लावा आणि मूळ फोटो डब्यात ठेवा. फाउंटन पेनची निळी शाई उन्हात फार लवकर उडते, फोटोच्या कितीतरी आधी. मूळच लावायचा हट्ट असेल तर अतिनील किरण अडवणारी काच, काच आणि फोटो यांत अंतर ठेवायला मधे खिडकी कापलेला दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा, आणि बाहेरच्या भिंतीऐवजी आतली भिंत. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते.

चौकट आणि फोटो वेगळे ठेवले की दोन्हींना एकच नोंद क्रमांक द्या आणि वहीत पाच ओळी लिहा: सहीचा नेमका मजकूर, मापं मिलिमीटरमध्ये, कागदाचा प्रकार, चौकटीचे ठसे, कुणाकडून कधी घेतला. पत्राची झेरॉक्स त्याच वहीत लावा आणि मूळ पत्र फोटोच्या डब्यात, पण वेगळ्या पाकिटात. पत्राच्या कागदातलं आम्ल फोटोला लागता कामा नये.